बसऱ्याची अफवा आणि बसऱ्याचा पुरावा

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

 

युद्धकाळातल्या अफवांवर बोलायचं तर उदाहरण कोणतंही घेता येईल. मी बसरा शहर निवडलं आहे. हसन बसरी आणि राबिया बसरी यांचं हे शहर. आपल्याकडच्या नथीतल्या बसरा मोत्यांमुळे हे नाव मराठी घरांतही माहीत आहे. २००३ साली अमेरिका आणि ब्रिटनने इराकवर हल्ला केला, तेव्हा बसरा ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात आलं.

जुलै २००७. भर उन्हाळा. बसऱ्यात बातमी पसरली की रात्री एक विचित्र प्राणी फिरतोय, गुराढोरांवर आणि माणसांवरही हल्ला करतोय. कोणी त्याला कुत्र्याएवढा म्हणालं, कोणी त्याहून मोठा. थोड्याच दिवसांत बातमीला शेपूट फुटलं: हा प्राणी ब्रिटिशांनी मुद्दाम सोडलाय, लोकांना घाबरवायला. शेवटी ब्रिटिश सैन्याच्या प्रवक्त्याला जाहीर सांगावं लागलं की माणसं खाणारे प्राणी आम्ही सोडलेले नाहीत. बसऱ्याच्या पशुवैद्यकीय रुग्णालयाच्या प्रमुखांनी मारलेले प्राणी तपासले. तो हनी बॅजर निघाला. त्या भागातलाच, सैन्य येण्याच्या कितीतरी आधीपासून राहणारा. तिथे त्याला स्थानिक नावही आहे.

जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी गंमत म्हणून छापली. इराकी लोक किती भोळे, असा तिचा सूर होता. मला तो सूर मान्य नाही. लोकांनी हे खरं का मानलं, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. त्यासाठी चार वर्षं मागे जाऊ.

सप्टेंबर २००३ मध्ये ब्रिटिश सैनिकांनी बसऱ्यातल्या एका हॉटेलवर छापा घातला आणि तिथल्या लोकांना धरून नेलं. त्यात बहा मूसा नावाचा २६ वर्षांचा रिसेप्शनिस्ट होता. दोन दिवसांच्या आत तो कोठडीत मेला. शवविच्छेदनात अंगावर ९३ जखमा आढळल्या. डोक्यावर पोतं चढवणं, त्रासदायक स्थितीत तासन्‌तास उभं करणं, हे प्रकार ब्रिटनने १९७२ सालीच बंद केले होते. ते बसऱ्यात वापरले गेले. लष्करी न्यायालयात खटला चालला, बाकीचे सुटले आणि एका सैनिकाला एक वर्षाची शिक्षा झाली. कधी? एप्रिल २००७ मध्ये. हनी बॅजरच्या अफवेच्या तीन महिने आधी.

दुसरी घटना सप्टेंबर २००५ ची. बसऱ्याच्या पोलिसांनी दोन माणसं पकडली. साध्या कपड्यांत, स्थानिक लोकांसारखा वेष करून, गाडीत शस्त्रं घेऊन फिरत होती. ते ब्रिटिश सैनिक निघाले. त्यांना सोडवायला ब्रिटिश सैन्य चिलखती गाड्या घेऊन आलं आणि त्यांनी पोलीस ठाण्याची भिंतच पाडली. त्या काळात इराकमध्ये रोज बॉम्ब फुटत होते आणि ते परकेच फोडतात अशी कुजबुज होती. हे दोघे बॉम्ब ठेवायला गेले होते असा कोणताही पुरावा नाही. पण ज्याने वेषांतर केलेला सैनिक आणि पडलेली भिंत पाहिली, त्याला ती कुजबुज खरी वाटली तर नवल नाही.

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक मोठी गोष्ट होती. इराककडे सामूहिक संहाराची शस्त्रं आहेत, असं सांगून युद्ध सुरू झालं. ही शस्त्रं ४५ मिनिटांत वापरता येतील, असं ब्रिटिश सरकारच्या सप्टेंबर २००२ च्या दस्तऐवजात छापलेलं होतं. नंतर कसून शोध झाला. शस्त्रं सापडली नाहीत. म्हणजे बिनबुडाची बातमी फक्त चहाच्या टपरीवर तयार होते असं नाही. ती मंत्रालयातही तयार होते, आणि तिच्यामागे रणगाडे असतात.

ऑलपोर्ट आणि पोस्टमन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली अफवांवर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं सोपं आहे. विषय लोकांच्या जिवाभावाचा असेल आणि त्याबद्दलची माहिती धूसर असेल, तर अफवा वाढते. परक्या सैन्याच्या ताब्यातल्या शहरात या दोन्ही गोष्टी असतात. जीव रोज टांगणीला लागलेला, आणि खरं सांगेल असा कोणी नाही. त्यात मी एक भर घालेन. जो आधी खोटं बोललाय, त्याच्या इन्काराने अफवा मरत नाही. ‘आम्ही प्राणी सोडले नाहीत’ हे ब्रिटिश सैन्याचं म्हणणं खरं होतं. पण बसऱ्याच्या लोकांनी ते कशाच्या भरवशावर मानायचं?

म्हणून अविश्वासाला मी दोष देत नाही. तो अनुभवातून आलेला असतो. मात्र अविश्वास आणि अफवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अफवेची किंमत परकं सैन्य मोजत नाही. ती आपली माणसं मोजतात.

३१ ऑगस्ट २००५, बगदाद. इमाम मूसा काझिम यांच्या स्मृतिदिनासाठी लाखो शिया भाविक काझिमियाकडे निघाले होते. वाट अल-आइम्मा पुलावरून जाते, म्हणजे इमामांच्या पुलावरून. पुलाच्या एका टोकाला काझिमिया, दुसऱ्या टोकाला इमाम अबू हनीफांची मशीद असलेलं सुन्नीबहुल आझमिया. सकाळीच गर्दीवर तोफगोळे पडले होते, लोक भेदरलेले होते. पुलावर कोणीतरी ओरडलं की आत्मघाती हल्लेखोर शिरलाय. हल्लेखोर नव्हता. चेंगराचेंगरीत आणि नदीत पडून साडेनऊशेहून अधिक माणसं मेली. त्यांत बायका आणि मुलं फार होती.

त्याच दिवशी आझमियातला उस्मान अल-उबैदी नावाचा सुन्नी तरुण नदीत उतरला. त्याने बुडणाऱ्या शिया भाविकांना एकेक करून बाहेर काढलं आणि शेवटी दमून स्वतः बुडाला. ज्या शहरात शिया-सुन्नींमध्ये संशय पेरला जात होता, तिथे त्याने समोरचा माणूस कोणत्या जमातीचा हे विचारलं नाही.

आता दुसरं एक उदाहरण. पाकिस्तानात पोलिओच्या लसीबद्दल जुनी अफवा होती की हा परक्यांचा डाव आहे. वैद्यकीयदृष्ट्या ती साफ खोटी. पण २०११ साली अमेरिकेच्या सीआयएने ओसामा बिन लादेनच्या शोधासाठी अ‍ॅबटाबादमध्ये एका स्थानिक डॉक्टरमार्फत हिपॅटायटिस बीच्या लसीकरणाचा बनाव केला. हे उघड झालं आणि अफवा पसरवणाऱ्यांच्या हातात कोलीत मिळालं. २०१२ मध्ये वझिरिस्तानात तालिबानने लसीकरणावर बंदी घातली. घरोघर डोस पाजणाऱ्या बायकांना गोळ्या घातल्या गेल्या. २०१४ साली पाकिस्तानात पोलिओचे ३०६ रुग्ण सापडले. लसीकरण मोहिमा पुन्हा असल्या कामासाठी वापरणार नाही, असं अमेरिकी सरकारने त्याच वर्षी सांगितलं. फसवणूक सीआयएने केली, बंदी तालिबानने घातली, आणि पाय गेले ते लहान लेकरांचे.

आपल्याकडे हे रोज घडतं ते मोबाइलवर. गाझा असो, इराण असो, कुठेही युद्ध पेटलं की आपल्या ग्रुपवर व्हिडिओंचा पूर येतो. त्यातले काही चक्क ‘आर्मा ३’ या व्हिडिओ गेममधले असतात. गेम बनवणाऱ्या कंपनीलाच २०२२ साली निवेदन काढून लोकांना सावध करावं लागलं. मनात मजलूमांबद्दल कळकळ असते, म्हणून आपण पुढे पाठवतो. ती कळकळ खरी आहे. पण गेममधलं विमान पडताना दाखवून आपण कोणाची मदत करतो? उलट, उद्या खऱ्या प्रेताचा फोटो समोर आला तर जालीम सहज म्हणतो, हे लोक नेहमी खोटंच पाठवतात.

सूरह हुजुरातची सहावी आयत आपल्याला ठाऊक आहे. खबर आली तर तहकीक करा, नाहीतर नकळत कोणाचं नुकसान होईल आणि मग पस्तावाल, असा तिचा आशय आहे. ही आयत मदरशाच्या भिंतीवर जितकी शोभते तितकीच मोबाइलच्या पडद्यावरही लागू आहे. फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे कोणी स्वतः पाहिलं? हे कुठलं आणि कधीचं आहे? यात पाहिलेलं किती आणि त्यावरून काढलेला अंदाज किती? उत्तर मिळालं नाही, तर ‘मला माहीत नाही’ म्हणायला लाज वाटू देऊ नका. घरातल्या चाचांनी चुकीचं काही टाकलं, तर ग्रुपवर त्यांचा पाणउतारा करू नका. वेगळा फोन करा, समजावून सांगा. आणि स्वतः चुकीचं पाठवलं असेल, तर दुरुस्ती त्याच ग्रुपवर टाका.

शेवटी पुन्हा बहा मूसाकडे येतो. त्याचे वडील दाऊद मूसा बसऱ्याच्या पोलीस दलात कर्नल होते. त्यांनी मुलासाठी इन्साफ मागितला तो साक्षीदार, शवविच्छेदनाचा अहवाल आणि वकील घेऊन, थेट ब्रिटनच्या न्यायालयांत. २००८ साली ब्रिटिश संरक्षण खात्याने दोष कबूल करून बहाच्या कुटुंबाला आणि त्याच्यासोबतच्या कैद्यांना २८ लाख पौंडांहून अधिक भरपाई दिली. २०११ साली सार्वजनिक चौकशीचा अहवाल आला आणि त्यात सैन्याच्या वागण्याचा धिक्कार नोंदवला गेला. इन्साफ पूर्ण झाला असं मी म्हणणार नाही. एक वर्षाची शिक्षा म्हणजे काय इन्साफ? पण एवढं तरी झालं ते कोणीतरी ९३ जखमा मोजल्या, लिहून ठेवल्या आणि आठ वर्षं तो कागद सोडला नाही म्हणून.

बॅजरच्या अफवेने ब्रिटिश सैन्याचं काहीच बिघडलं नाही. त्यांना हसायला एक गोष्ट मिळाली. त्या मोजलेल्या जखमांनी मात्र त्यांना मान खाली घालायला लावली. तुम्ही तरुण आहात, तुमच्या हातात कॅमेरा आहे, दोन-तीन भाषा आहेत. कुठल्याही सैन्याने, कुठल्याही सरकारने केलेल्या जुलमाबद्दल बोला, निर्भयपणे बोला. पण हातात बहा मूसाच्या बापासारखा कागद असू द्या.