पायाखालचं पातळ लोखंड

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



फ्लॅट घेताना आपल्यापैकी बऱ्याच जणांनी होकायंत्र धरून दाराची दिशा पाहिली असेल. (आरसीसीतल्या सळयांमुळे सुई भरकटते, खाली मोकळ्यावर जाऊन पाहावं, एवढं जाता जाता सांगतो.) पण ती उत्तरेकडे वळते कोणामुळे? पृथ्वीच्या पोटात मोठा लोहचुंबक आहे, असं अनेकांना वाटतं. तसं असू शकत नाही. लोखंड ७७० अंश सेल्सियसच्या वर तापलं की त्याचं चुंबकत्व जातं, आणि तिथे तर चार-पाच हजार अंश तापमान आहे.

साधारण २,९०० किलोमीटर खोलीपासून ५,१५० किलोमीटरपर्यंत आहे वितळलेलं लोखंड, त्यात थोडं निकेल आणि काही हलकी मूलद्रव्यं. त्याच्या आत घट्ट लोखंडाचा गोळा. हा गोळा १९३६ साली इंगे लेहमान या डॅनिश बाईंनी भूकंपाच्या लहरींवरून ओळखला. आता आत जास्त गरम, तर आतलंच घट्ट कसं? ज्यांनी कुकर लावलाय त्यांना हे चटकन कळेल. दाब वाढला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. तसाच लोखंडाचा वितळणबिंदू दाबाने वाढतो. आपल्याकडे १,५३८ अंशांना वितळणारं लोखंड पृथ्वीच्या मध्याशी, हवेच्या दाबाच्या सुमारे ३६ लाख पट दाबाखाली, पाच हजार अंशांनाही घट्टच राहतं.

मला खरं नवल वाटतं ते बाहेरच्या थराचं. एवढ्या दाबाखाली ते डांबरासारखं चिकट असेल असं वाटतं ना? बहुतेक अंदाज सांगतात, ते जवळपास पाण्याइतकं पातळ आहे. वर्षाला दहा-वीस किलोमीटर सरकतं. वीजवाहक धातू चुंबकीय क्षेत्रात हलला की वीज निर्माण होते, ती वीज पुन्हा क्षेत्र निर्माण करते. सायकलचा डायनॅमो आठवा, फक्त इथे चाक नाही, प्रवाह आहे. प्रवाह बदलला की क्षेत्रही बदलतं. उत्तर चुंबकीय ध्रुव कॅनडाकडून सायबेरियाकडे सरकतोय, मध्यंतरी तर वर्षाला ५० किलोमीटरच्या वेगाने.

या बदलांची नोंद आपल्याकडे कुलाब्याला होत असे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर उपकरणं बिघडतील म्हणून वेधशाळा अलिबागला नेली. १९०४ पासून तिथे नोंदी सुरू आहेत.

सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण हेच क्षेत्र वळवतं. म्हणून प्रश्न पडतो, हा प्रवाह टिकतो कशावर? तप्त, दाबलेलं लोखंड उष्णता किती सहज जाऊ देतं, यावर. उष्णता आपसूक निघून गेली तर ढवळायला फारशी उरत नाही. हे मोजायला दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये लोखंडाचा कण दाबतात आणि लेसरने तापवतात. २०१६ साली ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन गटांचे निष्कर्ष आले, एकाचा आकडा दुसऱ्याच्या निम्म्याहूनही कमी! मोठा आकडा खरा असेल तर आतला घट्ट गोळा १०० कोटी वर्षांहूनही तरुण ठरतो. पण सुमारे ३४० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतही चुंबकीय क्षेत्राच्या खुणा आहेत. मग तेव्हा प्रवाह चालवत होतं कोण? त्यावर अजून भांडण चालू आहे, आणि सोसायटीच्या मीटिंगपेक्षा ते नक्कीच लांबणार आहे.

चहा आलेला दिसतोय. प्रश्न चहानंतर घेऊ.