पहारेकऱ्याची नक्कल

शाळेंत असतांना एकदां माझ्या हातून फळ्यावर चुकीचा आंकडा लिहिला गेला. त्रैराशिकाचें उदाहरण होतें. ७ च्या जागीं १ पडला. दुसऱ्या दिवशीं बेचाळीस वह्या तपासावयास आल्या. बेचाळीसांतहि उत्तर एकच, आणि तें चूक. रीत बरोबर, गुणाकार बरोबर, अक्षरहि बऱ्यापैकीं. मूळ मात्र चुकलेलें. मी प्रथम मुलांवरच रागावलों, हेंहि सांगून टाकतों. आज ज्या पदार्थाविषयीं बोलावयाचें आहे त्याची हकीकत ऐकली तेव्हां मला त्या वह्यांची आठवण झाली.

माझी पुतणी पुण्यास एका प्रयोगशाळेंत काम करते. गेल्या दिवाळींत मी तिच्याकडे गेलों असतां तिनें मला बोटाच्या पेराएवढी एक कुपी दाखविली. तळाशीं पाण्याचा गोठलेला थेंब असावा, एवढेंच काय तें दिसत होतें. "काका, हें माणसाचें प्रथिन आहे. पण माणसांतून काढलेलें नव्हे, जंतूंकडून करवून घेतलेलें," ती म्हणाली. कुपीवरच्या चिठ्ठींत 'केवळ संशोधनासाठीं' अशी सूचना होती. तिचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधु, १९८७ सालीं कर्करोगानें गेले. ती तेव्हां तीन वर्षांची होती. मीं भीत भीत विचारलें, "हें औषध का ग?" ती म्हणाली, "नाहीं. ह्याला प्रश्न विचारावयाचे असतात."

ह्या प्रथिनाचें नांव पी-५३. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. मला जें समजलें तें माझ्या भाषेंत सांगतों. शरीरांतील जवळजवळ प्रत्येक पेशींत डी. एन. ए. चा एकच मोठा ग्रंथ असतो, आणि त्यांत सुमारें २०,००० प्रथिनांच्या कृती लिहिलेल्या असतात. यकृताच्या पेशीला सगळाच ग्रंथ वाचून काय करावयाचें आहे? हवें तें पान उतरून घ्यावें, कीं काम झालें. ह्या उतरून घेण्यास प्रतिलेखन म्हणतात, आणि कोणतें पान केव्हां उतरावयाचें हें ठरविणारीं जीं प्रथिनें, तीं प्रतिलेखन-नियामक. पी-५३ हें त्यांपैकीं एक. उन्हानें किंवा तंबाखूच्या धुरानें ग्रंथ फाटला कीं ह्याचा सांठा वाढतो. त्याचे चार रेणू एकमेकांस धरून ग्रंथाच्या ठराविक जागीं बसतात आणि 'पेशीचें विभाजन थांबवा' अशा अर्थाचें पान उतरावयास लावतात. दुरुस्ती होण्यासारखी असली तर तेवढी सवड मिळते; नसली तर ती पेशी मरते. डेव्हिड लेन ह्या शास्त्रज्ञानें १९९२ सालीं ह्याला जनुकग्रंथाचा पहारेकरी म्हटलें.

परंतु त्याआधीं कांहीं वर्षें हाच पहारेकरी चोर ठरला होता.

तें घडलें तें असें. १९७९ सालीं लंडन, प्रिन्स्टन इत्यादि ठिकाणच्या संशोधकांस हें प्रथिन जवळजवळ एकाच वेळीं आढळलें. माकडांच्या एका विषाणूनें बिघडविलेल्या पेशींत तें त्या विषाणूच्या प्रथिनाला चिकटलेलें होतें. वजन ५३,००० भरलें असें वाटलें, म्हणून पी-५३. पुढें नीट हिशेब केला तेव्हां तें ४४,००० च्याहि आंतच भरलें. पण नांव एकदां पडलें तें पडलें! अर्बुदाच्या पेशींत ह्याचा सांठा फार, निरोगी पेशींत जेमतेम. चोरीच्या जागीं जो वारंवार दिसतो त्याच्यावर संशय जावयाचाच. १९८४ सालीं निरनिराळ्या प्रयोगशाळांनीं ह्याच्या जनुकाच्या नकला, रास नांवाच्या दुसऱ्या एका जनुकाबरोबर, उंदरांच्या पेशींत घातल्या. त्या पेशी बेफाम वाढूं लागल्या. गुन्हा शाबीत झाला, आणि पी-५३ चें नांव कर्करोग उत्पन्न करणाऱ्या जनुकांच्या यादींत गेलें. माझे बंधु आजारी पडले त्या वेळीं तें त्याच यादींत होतें.

पुढें प्रिन्स्टन येथें आर्नोल्ड लेव्हीन ह्यांच्या प्रयोगशाळेंतील नक्कल मात्र हें काम करीना. रीत तीच, पण पेशी बिघडेनात. तेव्हां निरनिराळ्या ठिकाणच्या नकला अक्षराला अक्षर लावून पाहिल्या. त्या एकसारख्या नव्हत्या! ज्या पेशी बिघडवीत होत्या त्यांत कोठें ना कोठें अक्षर चुकलेलें होतें. एकींत तर १३५ व्या जागीं अलानीनच्या ऐवजीं व्हॅलीन, इतकाच काय तो फरक. १९८९ सालीं ह्या मंडळींनीं प्रसिद्ध केलें कीं, निर्दोष नक्कल पेशींना बिघडवीत तर नाहींच, उलट बिघडूं देत नाहीं. त्याच वर्षीं बाल्टिमोर येथें बर्ट व्होगेलस्टीन ह्यांच्या सहकाऱ्यांना मोठ्या आंतड्याच्या अर्बुदांत असें दिसलें कीं, १७ व्या गुणसूत्रावरची ह्या जनुकाची एक प्रत गहाळ झालेली आणि उरलेली दुसरी दोषयुक्त. माणसाच्या सुमारें निम्म्या अर्बुदांत ह्या जनुकांत दोष असतो, हें आतां सर्वमान्य आहे.

मग सदोष नक्कल नुसती निरुपयोगी न ठरतां उपद्रवी कां ठरली? ह्याचें उत्तर त्या चार रेणूंच्या जुटींत आहे. पालखीच्या चार भोयांत एक लंगडा घातला तर बाकीच्या तिघांचेंहि चालणें बिघडतें, तसा हा प्रकार. शिवाय सदोष प्रथिन लवकर नष्ट होत नाहीं, तें साचत जातें. तोच तो पूर्वीं दिसलेला मोठा सांठा!

आतां त्या कुपीकडे वळतों. माणसाच्या जनुकाची नक्कल डी. एन. ए. च्या एका वाटोळ्या कड्यांत गुंफतात आणि तें कडें ई. कोलाय नांवाच्या जंतूंत सोडतात. हे जंतु अनुकूल स्थितींत वीस मिनिटांत दुप्पट होतात. विरजण लावणाऱ्या गृहिणींना ह्याचें नवल वाटूं नये. वाढ पुरेशी झाली कीं उष्णता कमी करून त्यांना इशाऱ्याचें एक रसायन देतात, आणि ते आपलें काम सोडून हें परकें प्रथिन तयार करूं लागतात. मग जंतु फोडून त्यांच्या हजारों प्रथिनांतून आपलें तेवढें वेचावयाचें. त्याकरितां त्याच्या टोकाला आधींच सहा हिस्टिडीनांची एक शेपटी जोडून ठेवलेली असते. ती निकेलला चिकटते, बाकीचें धुऊन जातें. युक्ति मोठी गमतीची आहे. मात्र माणसाची पेशी ह्या प्रथिनावर फॉस्फेटच्या ज्या खुणा चढविते त्या जंतु चढवीत नाहीं, आणि हें प्रथिन इतकें नाजूक कीं आपल्या अंगाच्या उष्णतेंतहि फार वेळ धड राहत नाहीं. म्हणून तें शून्याखालीं ८० अंशांवर ठेवतात.

प्रश्न विचारावयाचे ते असल्या थेंबाला. १९९४ सालीं न्यूयॉर्क येथें निकोला पाव्हलेटिच ह्यांच्या मंडळींनीं जंतूंकडून करविलेल्या ह्याच प्रथिनाचा मधला तुकडा डी. एन. ए. सह स्फटिकरूपांत आणून क्ष-किरणांनीं पाहिला. रुग्णांत ज्या जागा वारंवार बिघडलेल्या आढळतात त्या नेमक्या डी. एन. ए. ला स्पर्श करणाऱ्या, किंवा ती पकड सांवरून धरणाऱ्या निघाल्या. २२० व्या जागचा एक दोष प्रथिनाच्या अंगावर खांच पाडतो. ती खांच बुजविणारे पदार्थ अशाच प्रथिनावर पारखले गेले, आणि त्या विचारानें केलेल्या एका औषधाच्या चाचण्या आतां रुग्णांवर झाल्या आहेत.

निघण्याच्या आदल्या रात्रीं पुतणीनें मला दोन कागद दिले. एक ग्रंथांतील मान्य पाठ, दुसरा तिच्या नव्या नकलेचा. दोहोंत ३९३ अक्षरें. "यंत्रानें तपासलें आहे, पण तुम्हीहि पाहा," ती म्हणाली. ती लहान असतांना तिच्या वह्या मीच तपाशीत असें. मीं चष्मा लावला, तांबडी पेन्सिल घेतली. ७२ व्या जागीं ग्रंथांत 'पी', तिच्या कागदावर 'आर'. मीं फुली मारली आणि पुढें गेलों. १३५, १७५, २२०, २४८, २७३, सगळीं ठीक. फुली पाहून ती हंसली. "काका, तेथें दोन्ही पाठ शुद्ध आहेत. निरोगी माणसांत कोणाचा 'आर' असतो, कोणाचा 'पी'."

मीं रबर मागितलें आणि फुली खोडली.