घाटावरची कादंबरी आणि तिकीटबारी

शिवाजी सावंतांच्या 1979च्या कादंबरीवरचा 'छावा' 2025च्या फेब्रुवारीत पडद्यावर आला आणि देशात त्याने पाचशे कोटींच्या पुढे धंदा केला. शंभूराजांचं नाव धारण करणाऱ्या आपल्या छत्रपती संभाजीनगराला त्याचा अभिमान वाटला. मला मात्र आज बोलायचंय ते 'दशक्रिया'बद्दल.

बाबा भांड यांची ही कादंबरी आपल्या पैठणची. गोदाकाठी दहाव्याचे विधी चालतात आणि गरीब घरची पोरं पाण्यात उतरून राख चाळतात. चाळणीत नाणं लागलं तर संध्याकाळी घरात चार पैसे. भान्या त्यांतलाच. संदीप पाटील यांच्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटासह तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. 2017च्या नोव्हेंबरमध्ये तो लागला तेव्हा विरोध झाला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठापर्यंत गेलं, आणि याचिका फेटाळली गेली. एवढं होऊनही 'छावा'च्या गल्ल्याशी त्याची तुलनाच नाही.

का? मराठी कादंबरीची आवृत्ती बहुधा हजार प्रतींची. समजा, प्रत्येक प्रतीमागे चौघे थिएटरात आले. झाली चार हजार तिकिटं. दीडशे रुपयांनी सहा लाख. त्यातला साधारण निम्मा वाटा थिएटरचा, शिवाय कर. यात निर्मात्याचा जाहिरातीचा खर्चही निघत नाही. म्हणजे चित्रपट तरतो तो पुस्तक न वाचलेल्यांच्या जिवावर. सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'ला 2013मध्ये असाच प्रेक्षक लाभला. कॉलेजची पोरं घोळक्याने गेली, गाणी ओठांवर घेऊन बाहेर पडली. घाटावरच्या राखेची गोष्ट बघायला असा घोळका जमत नाही.

आणि ज्याला ती बघायची आहे, तो पैठणला. मल्टिप्लेक्स पन्नासेक किलोमीटरवर, मराठीचा खेळ भरदुपारी. रोजगार बुडवून कोण येणार? सोमवारी खुर्च्या रिकाम्या दिसल्या की शुक्रवारी खेळ उतरतो. अशा चित्रपटाला प्रेक्षकच नव्हता, असं कोणी म्हटलं की मला फार वाईट वाटतं.

या प्रेक्षकाला थिएटरपर्यंत आणायची वाटही आहे: राज्यात हजारो शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. पुस्तकावरचा चित्रपट येणार असला की वितरकाने महिनाभर आधी त्यांना पत्र धाडावं. ग्रंथपालांनी वाचकांची यादी करावी, पैसे गोळा करावेत आणि पहिल्याच रविवारी पैठण, वैजापूर, सिल्लोडहून एकेक गाडी भरून शहरात आणावी. थिएटरवाल्यांनीही त्या दिवशी संध्याकाळचा खेळ मराठीला द्यावा.