टॅब्लेट नकोत, माणूस हवा



आम्ही चार-पाच मित्र इथे स्टुटगार्टला सॉफ्टवेअरमध्ये आहोत. बहुतेकांच्या घरी गावाकडे दोन-चार एकर शेती आहे. त्यामुळे शेतकऱ्यांसाठी मदतनिधीचा विषय निघाल्यावर आमचं उत्तर तयारच होतं : टॅब्लेट पाठवूया!

मग वारणेची हकिकत वाचनात आली. 1998 साली वारणानगर परिसरातल्या, कोल्हापूर-सांगलीकडच्या 70 गावांत संगणक केंद्रं सुरू झाली. बाजारभाव, पीकसल्ला असं सगळं गावात मिळावं हा हेतू. प्रत्यक्षात शेतकरी यायचे ते मुख्यतः आपला ऊस किती टन भरला आणि त्याचा हिशेब काय, हे बघायला. पुढे 2007 च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या लोकांनी 7 गावांत 8 महिने संगणकाऐवजी साधा मोबाइल वापरून पाहिला. एसएमएस पाठवायचा, उसाचा आकडा यायचा. काम तेच, खर्च कमी.

म्हणजे यंत्र किती भारी यापेक्षा शेतकऱ्याचा प्रश्न कोणता, हे आधी विचारायला हवं होतं. आम्ही तरी कुठे विचारलं होतं?

आज तर फोन घरोघरी पोचलाय. आपल्या जर्मनीत उभ्या राहिलेल्या कंपनीचं प्लँटिक्स ॲप पानाचा फोटो पाहून रोग ओळखतं आणि मराठीत उपाय सांगतं. 2004 पासून किसान कॉल सेंटर आहे. 1800-180-1551 वर फुकटात मराठीत सल्ला मिळतो.

हे सगळं आम्ही मोठ्या उत्साहाने आमच्यातल्या एकाच्या काकांना फोनवर सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "औषधाचं नाव कळेल रे. पण फवारलं आणि गुण नाही आला, तर आठ दिवसांनी बांधावर कोण येणार?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून यंदा टॅब्लेट रद्द. जमा झालेल्या पैशातून गावातल्याच एका शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला एका हंगामाचं मानधन द्यायचं. त्यांनी फोन घेऊन बांधावर जायचं, शेतकऱ्याचा प्रश्न ऐकायचा, सल्ला मिळवून द्यायचा आणि आठ दिवसांनी पुन्हा जाऊन बघायचं. प्रोग्रॅमिंग आम्ही फुकट करू. ते पुन्हा जाणं मात्र इथून जमणार नाही.

तेव्हा मंडळी, वडापावच्या स्टॉलवर सुटे परत मागू नका!