हिवाळ्यातली हवा आणि आपली सिगडी
(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने मला "चंद्रपूरची हवा" हा विषय दिला. तुम्ही म्हणाल, यात गुरुजी नवीन काय सांगणार? उन्हाळ्यात दोरीवर पांढरा सदरा वाळत घातला की संध्याकाळी सारं समजतं. पण सदऱ्यावर दिसते ती धूळ जाडी असते. ती नाकात, घशात अडकते, खोकल्या-शिंकेवाटे बरीचशी बाहेर पडते. जास्त घातक आहेत ते केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्शाहूनही बारीक कण. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, तिथून रक्तात. आणि त्यांचा जोर हिवाळ्यात असतो, जेव्हा आपल्याला हवा छान गार वाटते.

असं का, ते पाहू. आपण वर्धेच्या खोऱ्यात राहतो. खोऱ्यात कोळसा आहे म्हणून खाणी, कोळसा आहे म्हणून वीज केंद्र, शिवाय घुग्घुसला सिमेंट आणि बल्लारपूरला कागद. आपल्याकडच्या कोळशात साधारण तिसरा हिस्सा राखच असते. हे सगळं बाराही महिने चालतं, पण हवा बाराही महिने सारखी नसते. मे महिन्यात पारा 46-47 वर जातो तेव्हा तापलेली हवा धूर घेऊन उंच चढते, वाराही असतो. पावसाळ्यात तर हवा धुऊनच निघते. 16 ऑक्टोबरचा दीक्षाभूमीवरचा सोहळा आटोपला की रात्री गार होऊ लागतात. मग जमिनीलगतची हवा थंड आणि जड होते, तिच्यावर कोमट हवेचा थर बसतो. भांड्यावर झाकण ठेवावं तसं. खाली जो धूर निघेल तो खालीच राहतो. उंच चिमणीचा धूर रात्री झाकणाच्या वर तरंगतो, पण सकाळी ऊन चढून झाकण फुटू लागलं की तोही खाली मिसळतो.

अमेरिकेत मोनोंगाहेला नदीच्या खोऱ्यात डोनोरा नावाचं गाव आहे. तिथं जस्त आणि पोलादाचे कारखाने होते. 1948 च्या ऑक्टोबरात असंच झाकण चार-पाच दिवस हललं नाही. लोकांना नेहमीचं धुकं वाटलं. पोरांचा फुटबॉलचा सामनासुद्धा झाला, चेंडू दिसत नव्हता तरी. 20 माणसं गेली, हजारो आजारी पडली. पाऊस आला तेव्हा हवा सुटली. आपलं खोरं तेवढं अरुंद नाही, उगाच भीती घालायची नाही. पण झाकण तेच.

आता आपल्या दाराशी येऊ. याच तीन महिन्यांत आपण काय करतो? सिगडी पेटवतो. कोळसा इथं सहज मिळतो, गॅसचं सिलिंडर महाग. सिगडीचा धूर तर झाकणाच्या अगदी तळाशी, लेकराच्या नाकाच्या उंचीवर. आणि कोळसा लाल झाला, धूर थांबला, म्हणून सिगडी आत घेऊन दार लावून निजणं म्हणजे मरणाला घरात घेणं. त्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या वायूला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो. आयाबायांनो, एवढी एक गोष्ट तरी आजच घरी सांगा. म्हाताऱ्यांना थंडी वाजते हे खरं, त्यांना आणखी एक चादर द्या.

पण मोठ्या चिमणीचा हिशोब कोणी गरिबाच्या सिगडीवर टाकू लागला तर ते मात्र ऐकून घेऊ नका. 2009 च्या देशव्यापी पाहणीत चंद्रपूर अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथं आलं, ते सिगड्यांमुळं नाही. वीज केंद्रांच्या गंधकाच्या वायूवर सरकारने 2015 मध्ये मर्यादा घातली. हा वायू हवेत जाऊन तेच बारीक कण बनवतो. मुदत वाढत वाढत गेली, आणि 2025 च्या जुलैत बहुतेक केंद्रांना ही यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. अतिप्रदूषित क्षेत्रांपासून 10 किलोमीटरच्या आतल्या केंद्रांचा निर्णय मात्र एकेक तपासून व्हायचा ठरला. आपण त्याच 10 किलोमीटरच्या आत राहतो. तेव्हा निवेदनं द्यायची ती या मुद्द्यावर द्या, नुसतं "प्रदूषण थांबवा" लिहून काही होत नाही.

निवेदनाला आकडे लागतात. चौहान कॉलनी आणि खुटाळा एमआयडीसी इथं हवा मोजणारी यंत्रं आहेत. त्यांचे आकडे मोबाईलवर कुणालाही दिसतात. बारीक कणांची आपल्या देशातली मर्यादा 24 तासांच्या सरासरीला 60 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना 15 म्हणते. दहावी-बारावीच्या पोरांनी आळीपाळीने रोजचा आकडा विहाराच्या फळ्यावर लिहावा, वहीतही उतरवावा. एका हिवाळ्याची वही झाली की ती निवेदनाला जोडता येईल.

समितीला माझी एक विनंती आहे. मुलांचा सकाळी सहाचा वर्ग डिसेंबर-जानेवारीत उन्हं चांगली चढल्यावर, दहानंतर घ्यावा. दम्याच्या माणसांनीही पहाटे फिरायला जाण्याऐवजी दुपारी जावं. आवाराचा झाडलेला पाला जाळण्यापेक्षा बोधिवृक्षामागं खड्डा करून त्यात टाकावा. खड्डा खणायला मी येतो.

जयभीम.