फवारणीचे औषध बाधते कसे, उतारा लागू पडतो कसा?

(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. म्हणून आज औषधाच्या मात्रेऐवजी औषध अंगात शिरल्यावर काय करते, ते पाहू.

रसायनशास्त्रात रेणूंचे दोन स्वभाव मानतात. काही रेणूंजवळ इलेक्ट्रॉनची जोडी देण्यासारखी असते, त्यांना केंद्रकस्नेही म्हणतात. काहींना इलेक्ट्रॉनची उणीव असते, ते इलेक्ट्रॉनस्नेही. एकाची कणगी भरलेली, दुसऱ्याची रिकामी. दोघे जवळ आले की बंध जुळतो.

क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस, डायमेथोएट, मॅलेथिऑन ही सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके आहेत. त्यांतील फॉस्फरस अणू इलेक्ट्रॉनस्नेही असतो. आपल्या व किडीच्या मज्जातंतूंत अ‍ॅसिटिलकोलिन हा निरोप्या असतो. निरोप पोचला की एक विकर त्याला लगेच तोडते. हे काम त्या विकरातील सेरीन या घटकाचा ऑक्सिजन करतो, तो केंद्रकस्नेही आहे. औषध आले की हाच ऑक्सिजन फॉस्फरसला जाऊन चिकटतो. एरवी पाण्याचा रेणू विकराला क्षणात मोकळे करतो, पण फॉस्फरसची ही पकड पाण्याला सहजी सुटत नाही. विकर अडकून पडते, निरोप थांबत नाहीत. कीड मरते ती यामुळेच. माणसालाही घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या बारीक होणे, स्नायू थरथरणे, धाप लागणे ही लक्षणे यामुळेच दिसतात.

मग उतारा कोणता? पाण्यापेक्षा जोरदार केंद्रकस्नेही हवा. १९५५ साली अमेरिकेत आयर्विन विल्सन व त्यांच्या सहकाऱ्याने असा पदार्थ दाखवून दिला, तो प्रॅलिडॉक्झिम. तो फॉस्फरसला स्वतःकडे ओढून विकर सोडवतो. अ‍ॅट्रोपिन हे दुसरे औषध निरोपांचा अतिरेक रोखते, पण विकर सोडवत नाही.

येथे वेळेला फार महत्त्व आहे. अडकलेल्या फॉस्फरसवरील एक गट कालांतराने गळून पडतो व तेथे ऋणभार येतो. मग प्रॅलिडॉक्झिमला शिरकाव मिळत नाही. डायमेथोएट, मॅलेथिऑन यांसारख्या औषधांत हा बदल काही तासांतच होऊ लागतो, तर क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस यांत त्याला अधिक वेळ लागतो. म्हणून "सकाळपर्यंत बघू" असे म्हणू नये.

विषबाधेची शंका येताच रोग्याचे कपडे काढावेत, अंग साबण-पाण्याने धुवावे व त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे. दूध-तूप पाजू नये, उलटी करवू नये. डबा किंवा त्यावरील लेबल सोबत न्यावे. प्रत्येक कीटकनाशकाला हा उतारा चालत नाही, त्यामुळे डॉक्टरांना नाव कळणे गरजेचे असते.

हाच नियम फवारणीच्या पाण्यालाही लागू आहे. विम्ल पाण्यात हायड्रॉक्साइड आयन जास्त असतात. तेही केंद्रकस्नेही असल्याने औषधाचा रेणू टाकीतच फोडतात. सामू ९ असलेल्या पाण्यात २५ अंश सेल्सिअस तापमानाला मॅलेथिऑन सुमारे अर्ध्या दिवसात निम्मे उरते. तेव्हा विहिरीच्या पाण्याचा सामू तपासून घ्यावा, अशी औषधे बोर्डो मिश्रणात किंवा चुना-गंधकाच्या द्रावणात मिसळू नयेत आणि कालवलेले द्रावण लगेच फवारावे. औषध लागू पडत नाही म्हणून मात्रा वाढवण्यापूर्वी एकदा पाणी पाहावे. वाढीव मात्रेने खर्च वाढतो, आणि फवारणाऱ्याच्या जिवाला धोकाही.

किडीच्या आणि आपल्या शरीरात हे विकर एकाच पद्धतीने काम करते, हे पंप पाठीवर घेताना विसरू नये. हातमोजे, तोंडावर मुखवटा, अंगभर कपडे आणि वाऱ्याच्या दिशेने फवारणी, एवढे तरी प्रत्येकाने पाळावे, ही विनंती.