एक जनुक, तीन अवयव
फिट्स, चालताना तोल जाणं, बहिरेपण आणि लघवीवाटे मिठाची गळती एकाच मुलात दिसली, तर दुर्दैवी योगायोग वाटेल. पण २००९ साली दोन संशोधकगटांनी मूळ एकच असल्याचं दाखवलं: केसीएनजे१० या जनुकातला बिघाड. त्यापासून बनणारी पोटॅशियमची वाहिनी मेंदूत चेतापेशींभोवती साचलेलं पोटॅशियम हटवते, अंतर्कर्णात ऐकण्यासाठी लागणारा विद्युतदाब राखते आणि मूत्रपिंडात मीठ परत शोषणाऱ्या पंपाला पोटॅशियम पुरवते. वाहिनी तीच, कामं मात्र निराळी. म्हणूनच लक्षणं इतकी विसंगत भासतात.

मग पोटॅशियमच्या गोळ्यांनी भागणार नाही का? या विकारात रक्तात होणारी पोटॅशियमची उणीव त्यांनी बऱ्याच अंशी भरते. बहिरेपण जात नाही, कारण वाहिनी सदोषच राहते. विकार अतिशय दुर्मिळ आहे, हे खरं. तरीही फिट्स येणाऱ्या मुलाला ऐकू कमी येत असेल, तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकत्रच सांगा.